विश्वसीमा व निर्वात

विश्वाला सीमा आहे काय, असल्यास तिच्या पलीकडे काय आहे आणि जेथे कोणतेही द्रव्य नाही तेथे नेमके काय उरते, हे प्रश्न परस्परांशी निगडित असून तत्त्वज्ञान, भौतिकी व विश्वस्थितिशास्त्र या तिन्ही ज्ञानशाखांच्या कक्षेत येतात. ‘जे जे आहे ते सर्व’ असा ‘विश्व’ या शब्दाचा अर्थ घेतल्यास त्याच्या बाहेर काही असणे व्याख्येनेच अशक्य ठरते. निरीक्षणाच्या दृष्टीने मात्र ज्या प्रदेशातून प्रकाश वा अन्य संकेत आतापर्यंत पृथ्वीपर्यंत पोहोचू शकले, तेवढ्याच प्रदेशाविषयी थेट माहिती मिळते. या प्रदेशास ‘दृश्य विश्व’ म्हणतात व त्याच्या बाहेर काय आहे, हा प्रश्न सार्थ आहे.

‘काही नाही’ या शब्दप्रयोगाचेही असेच अनेक अर्थ होतात. ज्या पात्रातून हवा शक्य तितकी काढून टाकली आहे, त्यातील प्रदेशास व्यवहारात निर्वात म्हणतात. सर्व द्रव्य व प्रारण काढून घेतल्यावर उरणारा अवकाश ही पुढील पायरी होय. अवकाश, काल व निसर्गनियम यांपैकी काहीही नसणे म्हणजे निरपेक्ष अभाव, तर शून्य ही गणितातील एक संख्या आहे. या विषयावरील पुष्कळसे वाद या चार संकल्पनांची गल्लत झाल्याने निर्माण झालेले आहेत.

प्राचीन कल्पना : ग्रीक परमाणुवादी ल्युसिपस व डिमॉक्रिटस (इ. स. पू. पाचवे शतक) यांच्या मते परमाणू व पोकळी या दोनच गोष्टी मूलतः अस्तित्वात आहेत, पोकळीवाचून परमाणूंना हालचाल करता येणार नाही. ॲरिस्टॉटल (इ. स. पू. ३८४–३२२) यांनी पोकळीचे अस्तित्व नाकारले. माध्यम जितके विरळ तितकी त्यातील पदार्थाची गती अधिक, असे त्यांचे मत असल्याने पोकळीत गती अनंत होईल व ते अशक्य आहे, असा त्यांचा युक्तिवाद होता. त्यांचे विश्व सांत व गोलाकार असून त्याच्या बाहेर स्थान, पोकळी व काल यांपैकी काहीही नाही. उलट टरेंटमचे आर्किटस (इ. स. पू. चौथे शतक) यांनी असा प्रश्न उपस्थित केला की, विश्वाच्या कडेवर उभा असलेला मनुष्य आपला हात वा काठी बाहेर काढू शकेल काय? शकला, तर बाहेर जागा आहे व ती कडा खरी नव्हे. शकला नाही, तर त्याला अडविणारे काहीतरी बाहेर आहे. रोमन कवी ल्युक्रीशियस यांनी इ. स. पू. पहिल्या शतकात हाच युक्तिवाद भाल्याचा दृष्टांत देऊन मांडला. स्टोइक पंथीयांनी सांत विश्वाभोवती अनंत पोकळी कल्पिली.

भारतीय दर्शनांत या प्रश्नाचा विचार स्वतंत्रपणे झाला. ऋग्वेदाच्या दहाव्या मंडलातील नासदीय सूक्तात सृष्टिपूर्व अवस्थेला सत् वा असत् यांपैकी कोणतीही संज्ञा लावता येत नाही, असा विचार आला आहे. जैन दर्शनाने विश्वाच्या बाहेर काय, या प्रश्नाला सरळ उत्तर दिले. त्यानुसार आकाश अनंत असून त्याचे लोकाकाश व अलोकाकाश असे दोन भाग होतात. जीव, पुद्गल इ. द्रव्ये केवळ सांत अशा लोकाकाशात असतात. त्याच्या सर्व बाजूंस असलेल्या अलोकाकाशात आकाशाखेरीज काहीही नाही. गतीला साहाय्यभूत असे धर्मद्रव्य व स्थितीला साहाय्यभूत असे अधर्मद्रव्य ही अलोकात नसल्याने तेथे काहीही जाऊ शकत नाही. मुक्त जीवही ऊर्ध्वगतीने लोकाच्या अग्रापर्यंत जाऊन तेथेच स्थिर होतो. कडेबाहेर हात का जात नाही, या प्रश्नाला अडथळा न कल्पिता दिलेले हे उत्तर आहे. गतीची अटच तेथे पुरी होत नाही.

वैशेषिक दर्शनात आकाश, काल व दिक् ही सर्वव्यापी द्रव्ये मानली असून पुढील काळात अभाव हा सातवा पदार्थ म्हणून स्वीकारण्यात आला. अभावाचे प्रागभाव, प्रध्वंसाभाव, अत्यंताभाव व अन्योन्याभाव असे चार प्रकार सांगितले जातात. प्रत्येक अभाव कशाचा तरी (प्रतियोगीचा) व कोठे तरी (अधिकरणात) असतो, ही या विवेचनातील महत्त्वाची गोष्ट होय. जमिनीवर घट नाही, या विधानात घट व जमीन या दोहोंचे ज्ञान गृहीत आहे. बौद्ध आचार्य नागार्जुन (सु. दुसरे शतक) यांची ‘शून्यता’ ही संकल्पना याहून भिन्न आहे. वस्तूंना स्वतंत्र असा स्वभाव नसून त्या अन्य कारणांवर अवलंबून असतात, हा तिचा अर्थ असल्याने तिचे ‘काहीच नसणे’ असे भाषांतर करणे चुकीचे ठरते.

पोकळीवरील प्रयोग : निसर्गाला पोकळीचे वावडे आहे, हे ॲरिस्टॉटलीय मत यूरोपात दीर्घकाळ प्रचलित होते. १२७७ मध्ये पॅरिसच्या बिशपांनी २१९ मते निषिद्ध ठरविली. पोकळी मागे राहील म्हणून ईश्वर विश्वाला सरळ रेषेत हलवू शकत नाही, हे त्यांपैकी एक होते. त्यामुळे विश्वाबाहेरील पोकळी निदान कल्पनेत शक्य मानून तिच्याविषयी चर्चा करण्यास वाव मिळाला.

हा वाद प्रयोगाच्या कक्षेत आणण्याचे श्रेय इटालियन शास्त्रज्ञ एव्हांजेलीस्ता टॉरिचेल्ली (१६०८–४७) यांना आहे. एका बाजूने बंद असलेली काचेची नळी पाऱ्याने भरून ती पाऱ्याच्या भांड्यात उलटी उभी केल्यास पाऱ्याचा स्तंभ सु. ७६ सेंमी. उंचीवर स्थिरावतो व त्याच्या वर रिकामी जागा राहते, असे १६४३–४४ मध्ये दिसून आले. स्तंभाला पोकळीचे वावडे तोलून धरीत नसून बाहेरील हवेचा दाब तोलून धरतो, असे त्यांचे प्रतिपादन होते. ब्लेझ पास्काल यांच्या सूचनेवरून त्यांचे मेहुणे फ्लोरँ पेऱ्ये यांनी १९ सप्टेंबर १६४८ रोजी फ्रान्समधील प्यूई द डोम या पर्वतावर हा प्रयोग केला असता शिखरावर स्तंभाची उंची सु. ८ सेंमी. कमी भरली व हवेच्या दाबाचे कारण सिद्ध झाले. जर्मनीत ऑटो फोन गेरिके यांनी हवा काढून घेण्याचा पंप तयार केला. त्यांनी दोन अर्धगोल जुळवून आतील हवा काढली, तेव्हा घोड्यांच्या जोड्यांनाही ते सहजी वेगळे करता आले नाहीत.

रॉबर्ट बॉइल यांनी पंपाने रिकाम्या केलेल्या पात्रात ध्वनी क्षीण होत जातो, असे दाखविले. प्रकाश मात्र अशा पात्रातून निर्वेधपणे जातो. प्रकाश हा तरंग असेल, तर त्याला माध्यम हवे. म्हणून सर्व अवकाश ‘ईथर’ या अदृश्य माध्यमाने भरलेला असल्याचे मानण्यात आले. अशा रीतीने हवा निघून गेलेली पोकळी पुन्हा एकदा भरली गेली. ए. ए. मायकेलसन व ई. डब्ल्यू. मॉर्ली यांच्या १८८७ मधील प्रयोगात ईथरसापेक्ष पृथ्वीची गती आढळली नाही व १९०५ मध्ये ॲल्बर्ट आइन्स्टाइन यांच्या विशिष्ट सापेक्षता सिद्धांतामुळे ईथराची आवश्यकताच उरली नाही.

परिपूर्ण निर्वात मात्र कोठेही आढळत नाही. समुद्रसपाटीस एक घन सेंमी. हवेत सु. २५ वर १८ शून्ये इतके रेणू असतात. ताऱ्यांमधील अवकाशात एक घन सेंमी. मध्ये सरासरीने एखादा अणू असतो, तर दीर्घिकांमधील विस्तीर्ण प्रदेशांत एका घन मीटरमध्ये एखादा अणू मिळणेही कठीण असते. अशा ठिकाणीही विश्वाच्या आद्य अवस्थेतील प्रारणाचे फोटॉन एका घन सेंमी. मध्ये सु. ४०० इतके असतात.

सीमेशिवाय सांतता : आयझॅक न्यूटन यांच्या मते अवकाश निरपेक्ष असून द्रव्य नसले तरी तो असतो. जी. डब्ल्यू. लायप्निट्स यांनी १७१५–१६ मधील पत्रव्यवहारात याला विरोध करून अवकाश म्हणजे वस्तूंमधील परस्परसंबंधांची व्यवस्था होय, असे प्रतिपादिले. इमॅन्युएल कांट यांनी १७८१ मध्ये विश्व सांत आहे व विश्व अनंत आहे या दोन्ही विधानांच्या बाजूने सारखेच सबळ वाटणारे युक्तिवाद देता येतात, असे दाखवून या प्रश्नाचा निर्णय शुद्ध तर्काने लागणार नाही, असा निष्कर्ष काढला.

या कोंडीतून मार्ग काढणारी कल्पना गणितातून आली. जर्मन गणितज्ञ बेर्नहार्ट रीमान यांनी १८५४ मध्ये ‘सीमा नसणे’ व ‘अनंत असणे’ या दोन भिन्न गोष्टी असल्याचे स्पष्ट केले. पृथ्वीच्या पृष्ठाचे क्षेत्रफळ सांत आहे. पण त्यावर कितीही प्रवास केला तरी कडा लागत नाही. त्रिमितीय अवकाशही अशाच प्रकारे वक्र असू शकतो. १९१७ मध्ये आइन्स्टाइन यांनी व्यापक सापेक्षता सिद्धांताच्या आधारे सांत पण सीमारहित विश्वाचे प्रतिमान मांडले. आर्किटस यांच्या काठीला अशा विश्वात अडथळा येत नाही व ती बाहेरही जात नाही. पृथ्वीच्या पृष्ठाला तिसऱ्या मितीत ‘आत’ व ‘बाहेर’ असते, ही या दृष्टांताची मर्यादा होय. अवकाशाची वक्रता आतूनच, उदा., त्रिकोणाच्या तीन कोनांची बेरीज करून मोजता येते. ती वर्णन करण्यासाठी बाहेरील जागा गृहीत धरावी लागत नाही.

विश्वप्रसरण व क्षितिज : अलेक्झांडर फ्रीडमान (१९२२) व झॉर्झ लमेत्र (१९२७) यांनी सैद्धांतिक रीत्या आणि एडविन हबल यांनी १९२९ मध्ये निरीक्षणांच्या आधारे विश्वाचे प्रसरण दाखवून दिले. विश्व कशात प्रसरण पावते, असा प्रश्न साहजिकच विचारला जातो. सिद्धांतानुसार दीर्घिका आधीच असलेल्या रिकाम्या जागेत पसरत नाहीत. त्यांच्यामधील अंतरेच कालानुसार वाढतात. अनंत विश्वाचेही असे प्रसरण होऊ शकते. अनंत लांबीच्या मोजपट्टीवरील प्रत्येक दोन खुणांमधील अंतर दुप्पट झाले, तरी पट्टीला नवी जागा लागत नाही.

विश्वाचे वय सु. १,३८० कोटी वर्षे आहे. विश्व सु. ३ लक्ष ८० हजार वर्षांचे असताना मुक्त झालेला प्रकाश आज सूक्ष्मतरंग प्रारणाच्या रूपात सर्व दिशांनी येतो. त्याचा शोध १९६५ मध्ये आर्नो पेंझियास व रॉबर्ट विल्सन यांनी जाहीर केला. तो प्रकाश ज्या द्रव्यापासून निघाला ते द्रव्य दरम्यानच्या प्रसरणामुळे आज सु. ४,६०० कोटी प्रकाशवर्षे अंतरावर आहे व ही दृश्य विश्वाची त्रिज्या होय. तिला कडा न म्हणता क्षितिज म्हणणे योग्य ठरते. समुद्रावरील जहाजातून दिसणारे क्षितिज म्हणजे समुद्राचा अंत नव्हे. दुसऱ्या जहाजाचे क्षितिज दुसरे असते. त्याचप्रमाणे दूरच्या दीर्घिकेतील निरीक्षकाचे दृश्य विश्व वेगळे असेल व पृथ्वीच्या क्षितिजापलीकडेही अशाच दीर्घिका असतील, असे मानण्यास सबळ आधार आहे.

प्लांक या उपग्रहाने २००९–१३ या काळात केलेल्या मापनांवरून व अन्य निरीक्षणांवरून अवकाशाची सरासरी वक्रता शून्याच्या अगदी जवळ आढळते. म्हणजे विश्व अनंत असेल किंवा सांत असले, तरी दृश्य भागापेक्षा पुष्कळ मोठे असेल. सपाट अवकाशही स्वतःवर गुंडाळलेला, म्हणून सांत असू शकतो. तसे असल्यास प्रारणाच्या नकाशात एकाच प्रदेशाची दुहेरी चिन्हे मिळू शकतात. ती शोधूनही मिळालेली नाहीत. यांपैकी कोणता पर्याय खरा, हे केवळ दृश्य भागावरून कदाचित कधीच ठरविता येणार नाही. शिवाय प्रसरणाचा वेग वाढत असल्याने आज सु. १,६०० ते १,७०० कोटी प्रकाशवर्षांहून दूर असलेल्या दीर्घिकांतून या क्षणी निघणारा प्रकाश पृथ्वीपर्यंत कधीही पोहोचणार नाही.

पुंज सिद्धांतातील निर्वात : पुंज यामिकीनुसार कण हे सर्वव्यापी क्षेत्रांचे उद्दीपन होत. सर्व कण काढून टाकले तरी क्षेत्रे उरतात. व्हेर्नर हायझेनबेर्क यांच्या अनिश्चितता तत्त्वामुळे (१९२७) क्षेत्राचे मूल्य व त्याच्या बदलाचा दर ही दोन्ही एकाच वेळी निश्चितपणे शून्य असू शकत नाहीत. म्हणून क्षेत्रांच्या किमान ऊर्जेच्या अवस्थेस निर्वात म्हणतात व या अवस्थेतही आंदोलने शिल्लक राहतात.

याचे परिणाम मोजता येतात. १९४७ मध्ये विलिस लँब व रॉबर्ट रेदरफर्ड यांनी हायड्रोजन अणूच्या ऊर्जापातळ्यांत आढळून आणलेला सूक्ष्म फरक या आंदोलनांच्या साहाय्याने स्पष्ट होतो. डच शास्त्रज्ञ हेन्ड्रिक काझिमीर यांनी १९४८ मध्ये असे भाकीत केले की, निर्वातात समोरासमोर ठेवलेल्या, विद्युत् भाररहित दोन धातूच्या पट्ट्या एकमेकींकडे ओढल्या जातील. पट्ट्यांमधील अंतर निम्मे केल्यास ही प्रेरणा सोळापट होते. १९९७ मध्ये स्टीव्ह लॅमोरो यांनी तिचे काटेकोर मापन केले. ही प्रेरणा पट्ट्यांमधील विद्युत् भारांच्या परस्परक्रियेच्या रूपातही मांडता येते. त्यामुळे ती निर्वाताच्या निरपेक्ष ऊर्जेचा निर्णायक पुरावा मानावी की नाही, याविषयी मतभेद आहेत.

निर्वाताला ऊर्जा असेल, तर तिचा गुरुत्वीय परिणामही असला पाहिजे. १९९८ मध्ये दूरच्या अतिदीप्त नवताऱ्यांच्या निरीक्षणांवरून विश्वप्रसरणाचा वेग वाढत असल्याचे दिसून आले. याबद्दल सॉल पर्लमटर, ब्रायन श्मिट व ॲडम रीस यांना २०११ चे भौतिकीचे नोबेल पारितोषिक मिळाले. या प्रवेगास कारणीभूत असणाऱ्या ‘कृष्ण ऊर्जे’चे सर्वांत सोपे स्पष्टीकरण म्हणजे निर्वाताची ऊर्जा होय. तिची निरीक्षित घनता एका घन मीटरला तीन-चार प्रोटॉनांच्या वस्तुमानाइतकी अल्प आहे. पुंज सिद्धांतावरून केलेला ढोबळ अंदाज मात्र यापेक्षा सु. १० चा १२० वा घात इतक्या पटींनी जास्त येतो. ही विसंगती हा आधुनिक भौतिकीतील एक मोठा अनुत्तरित प्रश्न आहे. डेसी या दीर्घिका-सर्वेक्षणाच्या २०२४ व २०२५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांवरून ही ऊर्जा कालानुसार बदलत असावी, असे संकेत मिळाले. परंतु ते निर्णायक नाहीत. ती स्थिर असेल, तर अतिदूर भविष्यकाळी आपल्या दीर्घिकासमूहाबाहेरील सर्व दीर्घिका क्षितिजाआड जातील व तेव्हाच्या निरीक्षकाला विश्वप्रसरणाचा पुरावाच उपलब्ध राहणार नाही.

निर्वात कायम टिकेलच असेही नाही. २०१२ मध्ये सर्न या संस्थेत हिग्ज कणाचा शोध लागला. त्याच्याशी निगडित क्षेत्राचे मूल्य रिकाम्या अवकाशातही शून्य नसते व त्यामुळेच इलेक्ट्रॉनासारख्या कणांना वस्तुमान प्राप्त होते. कणांच्या मोजलेल्या वस्तुमानांवरून केलेल्या गणितानुसार सध्याचे निर्वात पूर्ण स्थिर नसून त्याहून कमी ऊर्जेची अवस्था शक्य असावी. तसे स्थित्यंतर कोठे झाल्यास नव्या निर्वाताचा बुडबुडा जवळजवळ प्रकाशाच्या वेगाने पसरेल व त्यात आजचे अणू टिकणार नाहीत. मात्र यासाठी लागणारा अपेक्षित काल विश्वाच्या वयाच्या मानाने अतिप्रचंड आहे आणि ज्ञात कणांपलीकडे अन्य कण असल्यास हा निष्कर्षही बदलू शकतो.

अभावातून उत्पत्ती : १९४८ मध्ये हेर्मान बाँडी, टॉमस गोल्ड व फ्रेड हॉइल यांनी मांडलेल्या स्थिर स्थिती सिद्धांतात विश्वाला आरंभ नाही, प्रसरणामुळे कमी होणारी घनता भरून निघेल इतके द्रव्य सतत निर्माण होते. हे द्रव्य कोठून येते, या आक्षेपास उत्तर म्हणून हॉइल व जयंत विष्णु नारळीकर (१९३८–२०२५) यांनी ऋण ऊर्जेचे ‘निर्मितिक्षेत्र’ कल्पिले. द्रव्याची धन ऊर्जा व क्षेत्राची ऋण ऊर्जा यांचा मेळ बसल्याने ऊर्जेच्या अक्षय्यतेचा भंग होत नाही. कोल्हापूर येथे जन्मलेले व पुण्याच्या आयुका या संस्थेचे संस्थापक-संचालक असलेले नारळीकर यांनी १९९३ मध्ये हॉइल व जेफ्री बर्बिज यांच्यासह या सिद्धांताची सुधारित आवृत्ती मांडली. सूक्ष्मतरंग प्रारणाचे स्पष्टीकरण महास्फोट सिद्धांत अधिक चांगल्या प्रकारे देत असल्याने बहुसंख्य शास्त्रज्ञ तोच स्वीकारतात.

१९७३ मध्ये एडवर्ड ट्रायॉन यांनी समग्र विश्व हे निर्वाताचे एक आंदोलन असावे, अशी कल्पना मांडली. द्रव्याची धन ऊर्जा व गुरुत्वाकर्षणाची ऋण ऊर्जा यांची बेरीज शून्य असल्यास तशा उत्पत्तीला ऊर्जा लागत नाही. अलेक्झांडर व्हिलेन्किन (१९८२) यांनी ज्यात अवकाश व कालही नाहीत अशा अवस्थेपासून पुंज परिणामाने सांत विश्व उद्भवू शकते, असे प्रतिपादिले. जेम्स हार्टल व स्टीव्हन हॉकिंग (१९८३) यांच्या प्रतिमानात कालालाही कडा नाही; महास्फोटापूर्वी काय होते, हा प्रश्न दक्षिण ध्रुवाच्या दक्षिणेस काय आहे, या प्रश्नासारखा ठरतो. ॲलन गूथ यांनी १९८१ मध्ये मांडलेल्या अतिवेगवान आद्य प्रसरणाच्या कल्पनेचा पुढे विस्तार होऊन असे प्रसरण काही ठिकाणी थांबते व अन्यत्र अखंड चालू राहते, असे सुचविण्यात आले. तसे असल्यास आपले विश्व हे अगणित विश्वांपैकी एक ठरेल. अशा दोन विश्वांच्या टकरीचा ठसा सूक्ष्मतरंग प्रारणात शोधण्यात आला. पण तो निर्विवादपणे आढळलेला नाही.

मूल्यमापन : या सर्व प्रतिमानांत ज्याला ‘काही नाही’ म्हटले जाते त्यात निदान पुंज सिद्धांताचे नियम गृहीत धरलेले असतात. त्यामुळे काहीच नसण्याऐवजी काहीतरी का आहे, हा लायप्निट्स यांनी १७१४ मध्ये विचारलेला प्रश्न त्यांनी सुटत नाही. नियम तरी का आहेत, या रूपात तो उरतोच. अभावाला प्रतियोगी व अधिकरण या दोहोंची अपेक्षा असते, हे न्याय-वैशेषिकांचे विवेचन येथे उपयुक्त ठरते. पात्रातील हवेचा, अवकाशातील द्रव्याचा वा क्षेत्रातील कणांचा अभाव सार्थ आहे व तो प्रयोगाने तपासता येतो. सर्वांचाच आणि कोठेही नाही असा अभाव या चौकटीत बसत नाही. क्षितिजापलीकडील प्रदेशाबद्दलची विधानेही तपासून पाहिलेल्या सिद्धांताचा विस्तार म्हणून ग्राह्य असली, तरी दृश्य विश्वाबद्दलच्या विधानांइतकी निश्चिती त्यांना देता येत नाही. टॉरिचेल्ली यांच्या नळीतील रिकाम्या जागेविषयीचे समज मात्र प्रयोग व निरीक्षण यांमुळे वेळोवेळी बदलावे लागले असून निर्वाताची ऊर्जा व स्थिरता यांविषयी सध्या चालू असलेले संशोधन हा त्याच मालिकेतील पुढील टप्पा होय.